मूल हवं म्हणूनच आयव्हीएफ (लॅबमध्ये स्त्रीबीज फलित करून गर्भाशयात सोडणं) करतात, मग चर्चला ते का चालत नाही?

कॅथलिक चर्चपुरतं सांगतो, प्रोटेस्टंटांमध्ये यावर एकमत नाही. गर्भपात काय नि आयव्हीएफ काय, गाडी एकाच जागी अडते: स्त्रीबीज फलित झालं त्या क्षणापासून ते माणूसच मानायचं. आता लॅबमध्ये बघा. एका खेपेला आठ-दहा स्त्रीबीजं काढली, तर चार-पाच भ्रूण तयार होतात, गर्भाशयात सोडतात एक-दोन. उरलेले उणे १९६ अंशांवर, द्रव नायट्रोजनच्या टाकीत. जोडप्याने वर्षाची फी भरणं थांबवलं की त्यांचं काय? खरी अडचण ही.

शिवाय १९८७ साली व्हॅटिकनने स्पष्ट केलं की मूल पतिपत्नीच्या मीलनातूनच यावं. म्हणून बीज नवऱ्याचंच असलं तरी नाही. (मी कॅथलिक आहे, तरी हा मुद्दा मला जड जातो.)

सगळेच उपचार वर्ज्य नाहीत. हार्मोनची औषधं, स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणारी नळी बंद असेल तर ती उघडण्याची शस्त्रक्रिया चालते. गर्भ नळीतच रुजला तर आईसाठी ती नळी काढणंही चालतं, त्याला गर्भपात धरत नाहीत. आणि आयव्हीएफने झालेल्या बाळाचा बाप्तिस्मा बिनदिक्कत होतो.