विसर्जनाच्या वेळी चौपाटीवर पाकट मासा चावतो म्हणतात. तो किनाऱ्याला कशाला येतो, आणि चावला तर काय करायचं?

पाकट चावत नाही. त्याचं तोंड पोटाच्या बाजूला असतं, कोळंबी, चिंबोऱ्या नि गाळातले किडे चिरडायला. आपल्याला टोचतो तो शेपटीवरचा करवतीसारख्या दातांचा काटा. काट्याच्या खालच्या अंगाला दोन खाचा असतात, त्यांत विषारी पेशी, वरून पातळ त्वचेचं आवरण. काटा आत शिरला की आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं.

हा मुशीचा, म्हणजे शार्कचा नातलग, हाडांऐवजी कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या लवचीक सांगाड्याचा. मालवणाकडे काहीजण त्याला वागळी म्हणतात. भरतीबरोबर उथळ रेती-चिखलात, खाडीच्या मुखाशी तो खायला येतो आणि अंगावर रेती उडवून पुरून बसतो. कल्ले पोटाखाली, म्हणून डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी आत घेतो. गढूळ पाण्यात तो दिसणं अशक्यच. पाठीवर पाय पडला की शेपूट वर फटकारतो. 2013 साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनात अनेकांना दंश झाले, तेही असेच अनवाणी पाण्यात उतरलेल्यांना.

म्हणून पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत पुढे सरका. पायाचा धक्का कडेला लागला की तो बहुधा निघून जातो. साध्या चपलेचा भरवसा धरू नका, काटा ती भेदू शकतो.

दंश झालाच तर आधी दाबून रक्त थांबवा. मग पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवा, 45 अंशांच्या वर नाही, 30 ते 90 मिनिटं. पाणी निवेल तसं बदला. उष्णतेने हे विष निष्प्रभ होतं असं मानतात. निदान कळ तरी बरीच उतरते. इथे एक चूक हमखास होते: दुखऱ्या पायाला चटका कळत नाही आणि पोळून फोड येतात. पाणी दुसऱ्याच्या हाताने तपासा. दोरी आवळून बांधणं, जखम चोखणं, लघवी ओतणं, काही करू नका.

कळ थांबली तरी दवाखाना टाळू नका. काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम आठवडेच्या आठवडे चिघळते; त्यासाठी एक्स-रे आणि शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.