वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांसाठी क्रोशाची ब्लँकेट विणून द्यायची आहेत, लोकर कुठली आणि साईझ किती घ्यावी?

लोकर आणायच्या आधी तिथे एक फोन करा. किती जण पलंगावरच असतात, किती व्हीलचेअरवर, धुणं मशीनला लागतं की हाताने, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

मी नाशिकला दर थंडीत देते आणि माझं मत पक्कं आहे, अ‍ॅक्रिलिकच घ्या. खरी लोकर उबदार असते पण तिथे सगळ्यांचं धुणं एकत्र, गरम पाण्यात पडलं की ती आकसून घट्ट होते, शिवाय वयामुळे कातडी पातळ आणि कोरडी झालेली असते, तिला लोकर टोचते. वर्धमान, ओसवालचे मऊ गुंडे कुठेही मिळतात. मध्यम जाडीचा धागा आणि ५ किंवा ५.५ मिमीची क्रोशाची सुई घ्या. तयार झाल्यावर इस्त्री अजिबात फिरवू नका, अ‍ॅक्रिलिक चपटं पडतं आणि ते पुन्हा फुलत नाही.

व्हीलचेअरवाल्यांना साधारण ९० बाय ११० सेंमी पुरतं, त्याहून रुंद केलं तर बाजूने लोंबून चाकात जातं. झालरी, गोंडे पण नकोत त्याच कारणाने. ह्याला ५०० ते ७०० ग्रॅम लोकर लागते, थोडी जास्तच आणा, नंतर तीच शेड मिळेल ह्याचा भरवसा नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वीण. आपल्याला जाळीचं डिझाईन सुंदर दिसतं पण त्या भोकांत बोटं अडकतात, अंगठी अडकते, आणि डायबेटिसमुळे पायाची संवेदना गेलेली असेल तर पायाचं बोट अडकलंय हे त्या माणसाला कळतसुद्धा नाही. म्हणून साधे अर्धे खांब (हाफ डबल क्रोशे) घट्ट घालत जा, भोकं राहत नाहीत आणि ऊबही धरून राहते. उठावाची वीण, फुलं, बटणं नकोत, कूस न बदलता येणाऱ्या माणसाच्या अंगाखाली ती गोळा झाली तर रुततात. शेवटचे धागे नुसते कापू नका, शिवायच्या सुईने दोन्ही दिशांना ओवून घ्या.

रंग विचारूनच ठरवा, पांढरं शक्यतो नकोच, अंगावर पांढरं घ्यायला कित्येकांना बरं वाटत नाही आणि चहा सांडला की डाग जात नाही. एका कोपऱ्यावर आत नावाची पट्टी शिवा, धुण्यात अदलाबदल होते, आणि तिथे स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं हो.

अजून एक, जाताना जास्तीच्या सुया आणि उरलेली लोकर घेऊन जा. ह्यातल्या बऱ्याच आज्यांनी रुखवतासाठी रुमाल, दारासाठी तोरणं विणलेली असतात, मला एक आजी भेटल्या त्यांनी ब्लँकेट हातात घेतल्या घेतल्या उलटं करून मागची बाजू तपासली आणि कड ओढली गेलीये, दर ओळीला एक साखळी जास्त घाल म्हणाल्या, अगदी बरोबर होतं त्यांचं. अशांना मोठ्या ब्लँकेटचं ओझं नको, छोटे चौकोन करायला द्या, जोडायचं काम आपण घरी करायचं. बोटं दुखत असतील तर ६ मिमीची जाड मुठीची सुई द्या, धरायला सोपी जाते.