यंत्रमानवाच्या गोष्टीत माणूस कुठे असतो?

प्रश्न : मी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. लघुप्रबंधासाठी विज्ञानकथा हा विषय सुचवला, तेव्हा ‘त्यात यंत्रे असतात, माणूस नसतो’ असा शेरा मिळाला. ‘माणूस कोणाला म्हणावे’ या प्रश्नाच्या अंगाने विज्ञानकथेचा साहित्य म्हणून अभ्यास कसा करावा?

उत्तर : शेरा मनाला लावून घेऊ नका; मात्र तो खोडण्यासाठी विज्ञानकथांतली कोणकोणती भाकिते खरी ठरली याची जंत्रीही देत बसू नका. भाकीत चुकले म्हणून कथा पडत नाही. माणूस कोणाला म्हणावे हे एरवी आपण गृहीत धरून चालतो. माणसासारखे, पण माणूस न मानलेले कोणीतरी समोर उभे करून विज्ञानकथा त्या गृहीतकालाच हात घालते, आणि ते ती कसे साधते हे निवेदनाकडे बारकाईने पाहिल्याशिवाय उमगत नाही.

मेरी शेली यांची ‘फ्रँकेनस्टाइन’ (१८१८) ही कादंबरी याच दृष्टीने वाचून पाहा. ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रे लिहितो, त्या पत्रांत प्रयोगातून सजीव प्राणी घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनची कहाणी येते आणि तिच्या पोटात त्याने घडवलेल्या प्राण्याचे स्वतःचे निवेदन. हा प्राणी एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून पाहत, त्यांचे बोलणे ऐकत भाषा शिकतो. पुढे इंग्रज कवी मिल्टन आणि प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क हेही वाचतो. घरात अंध वृद्ध एकटा असताना तो धीर करून आत जातो. वृद्ध त्याच्याशी आपुलकीने बोलतो, पण तेवढ्यात परतलेला मुलगा त्याचे रूप पाहताच त्याला काठीने झोडपतो. वाचकालाही त्याचा चेहरा दिसत नसतो, फक्त शब्द ऐकू येतात. म्हणजे लेखिकेने आपल्याला त्या अंध वृद्धाच्या जागी बसवलेले असते. (१९३१च्या गाजलेल्या चित्रपटात हा प्राणी बोलतच नाही. त्यामुळे चित्रपटावरून कादंबरीविषयी मत बनवू नये.)

याच्याशेजारी चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ (‘रॉसम्स युनिव्हर्सल रोबोट्स’) हे १९२०चे नाटक ठेवा. त्यातले यंत्रमानव लोखंडाचे नाहीत, तर सजीव देहासारख्याच, कृत्रिमरीत्या बनवलेल्या द्रव्याचे आहेत. शेवटी मानवजातीतला एकटा उरलेला अल्क्विस्ट त्यांतल्या एकीचे विच्छेदन करण्याची भाषा करतो, तेव्हा तिचा यंत्रमानव सोबती ‘तिच्याऐवजी मला घ्या’ म्हणतो, आणि त्याच्यावर वेळ येताच तीही तेच म्हणते. माणूसपणाची कसोटी इथे बुद्धी नसून दुसऱ्यासाठी जीव देण्याची तयारी आहे. फरक असा, की शेलींचा प्राणी आपली बाजू स्वतः मांडतो, तर चापेक यांच्याकडे यंत्रमानवांना माणूस मानायचे की नाही याचा अखेरचा निवाडा माणूसच देतो. तो अधिकार त्याला कोणी दिला, हे नाटकात कुठे विचारले जाते का, ते तपासून पाहण्याजोगे आहे; माझ्या मते तुमचा प्रबंध तिथूनच सुरू व्हावा.

शीर्षकात ‘विज्ञानकथेतील मानव’ असे ऐसपैस काही घालू नका. दोनच कृती घ्या आणि त्यांत कोण बोलतो, कोणाविषयी नुसतेच बोलले जाते, याचा उताऱ्यांच्या आधारे शोध घ्या.