सभेत बोललो म्हणून बाहेर काढलं, आता कायमची बंदी घातलीय. काय करू?

काका नमस्कार. तुमचं पत्र मोठं आहे, सगळ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही एसटीतून रिटायर झालात, तालुक्याच्या गावी राहता, तुमच्या कॉलनीला लागून खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे आणि ते बदलून तिथं शॉपिंग सेंटर करायचा विषय नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर आला. तुम्ही कॉलनीतल्या चारचौघांना घेऊन सभा बघायला गेलात, मागच्या खुर्च्यांवर बसलात, मोबाईलवर शूटिंग चालू केलंत. विषय पुरता वाचून व्हायच्या आत सगळीकडून "मंजूर, मंजूर" सुरू झालं तसे तुम्ही उभे राहिलात आणि मोठ्यानं म्हणालात, "अहो, आम्हाला कुणी विचारलंय का?" नगराध्यक्षांनी बसायला सांगितलं, तुम्ही बसला नाहीत, मग शिपायानं दंडाला धरून बाहेर आणलं, मोबाईल घेतला, व्हिडिओ डिलीट करून परत दिला. एका नगरसेवकानं हक्कभंग आणतो म्हणून दम दिला, चार दिवसांनी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र आलं की यापुढे तुम्हाला सभागृहात प्रवेश नाही, आणि पोलीस स्टेशनमधून 168 ची नोटीस, वर "353 लावू" असं तोंडी. तुमचा प्रश्न, यातलं किती खरं आणि पुढच्या सभेला जाऊ की नको.

जा. पण थोडं समजून घेऊन जा.

नगरपरिषदांचा आपल्याकडचा कायदा 1965 चा आहे, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, आणि सभा कशा घ्यायच्या ते त्याच्या कलम 81 मध्ये आहे. त्यात सभा लोकांसाठी खुली असते हा नियम आहे आणि बंद दाराआड घेणं हा अपवाद आहे. म्हणजे एखादी चौकशी किंवा चर्चा खाजगीत व्हावी असं पीठासीन अधिकाऱ्याला, म्हणजे तुमच्या केसमध्ये नगराध्यक्षांना, वाटलं तर ते तेवढ्यापुरतं लोकांना बाहेर बसवू शकतात. तेव्हा "पब्लिकला परवानगी नसते" असं गेटवरचा माणूस म्हणाला असेल तर ते चूक आहे, तुम्ही आत बसला होतात ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. पण त्याच ठिकाणी पुढं हेही म्हटलंय की कामकाजात जो व्यत्यय आणेल त्याला पीठासीन अधिकारी केव्हाही बाहेर काढायला लावू शकतात. महापालिकांच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे.

आता काका, स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही उभं राहून बोललात, बसा म्हटल्यावर बसला नाहीत, हा व्यत्यय झाला. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असलं तरी झाला. त्या दिवशी तुम्हाला बाहेर काढलं याविरुद्ध भांडण्यात मला काही हशील दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की "गावी ग्रामसभेत आम्ही उभं राहून सरपंचाला विचारायचो", तर तिथंच गल्लत झालीय. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार हा स्वतः सभासद असतो, त्याला बोलायचा हक्कच आहे. नगरपरिषदेच्या सभेत सभासद फक्त निवडून आलेले आणि नामनिर्देशित नगरसेवक, आपण प्रेक्षक. शहरातल्या लोकांनाही बोलायला जागा हवी म्हणून 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली गेली, पण ती कागदावरून खाली उतरलेली मी माझ्या भागात तरी पाहिली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बऱ्याच नगरपरिषदांमध्ये मधली काही वर्षं प्रशासक होते, सभागृहाचं दारच उघडत नव्हतं, आता कुठं परत नगरसेवक आलेत तर लोकांना आत काय चाललंय हे बघावंसं वाटणारच.

आता त्या पत्राचं. "यापुढे प्रवेश नाही" हे पत्र माझ्या मते टिकत नाही. कायद्यानं अधिकार दिलाय तो व्यत्यय आणणाऱ्याला बाहेर काढायचा, म्हणजे त्या सभेपुरता, व्यत्यय थांबावा म्हणून. पुढच्या सभेत तुम्ही गप्प बसणार की बोलणार हे आजच ठरवून कायमचं दार बंद करायचा अधिकार त्यात नाही. शिवाय तो अधिकार पीठासीन अधिकाऱ्याचा आहे, मुख्याधिकाऱ्यांनी आपल्या सहीनं बंदीचं पत्र काढायचं हे कुठल्या कलमाखाली ते पत्रात लिहिलेलंच नाही, आणि पत्र काढायच्या आधी तुमचं म्हणणंही विचारलं नाही. महापालिकांच्या कायद्यात तर गोंधळ घालणाऱ्या नगरसेवकाचं निलंबनसुद्धा मोजक्या दिवसांसाठीच असतं, मग साध्या नागरिकाला जन्मभर बंदी कशी काय घालणार?

या पत्राला लेखी उत्तर द्या, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी दोघांच्या नावे, एक कॉपी जिल्हाधिकाऱ्यांना. भाषा साधी ठेवा. कोणत्या कलमाखाली बंदी घातली ते कळवा, सभा खुली असते, मी पुढच्या सभेला शांतपणे बसणार आहे, पत्र मागे घ्या, एवढं पुरे. आवक विभागात देऊन आपल्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. शिपायाच्या हातात देऊन येऊ नका, पुढे कोर्टात जायची वेळ आली तर पहिला प्रश्न "पोच कुठंय" हाच येतो. उत्तर आलं नाही आणि पुढच्या वेळी गेटवर अडवलंच तर हुज्जत घालू नका, तिथल्या तिथं तारीख, वेळ, कुणी अडवलं, सोबत कोण होतं ते लिहून काढा आणि त्याच दिवशी तक्रार द्या. शेवटचा मार्ग घटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट, पण तो खर्चाचा आहे, अशी पत्रं बहुतेक वेळा त्याच्या आधीच मागे घेतली जातात.

हक्कभंगाचं टेन्शन डोक्यातून काढून टाका. हक्कभंग हा विधिमंडळाचा आणि संसदेचा विशेषाधिकार, घटनेनं त्यांना दिलेला, राज्यांच्या विधिमंडळांसाठी तो कलम 194 मध्ये आहे. नगरपरिषदेला तसला विशेषाधिकार नाही.

353 चं मात्र जरा नीट ऐका. लोक अजून 353 च म्हणतात, पण 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते कलम आता 132 आहे. सरकारी नोकराला त्याचं काम करण्यापासून रोखायला त्याच्यावर हल्ला किंवा बळाचा वापर, असा तो गुन्हा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. नुसतं बोलणं, ओरडणं, टीका करणं याला हल्ला म्हणता येत नाही. बंगलोर ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर तक्रार लिहिली म्हणून एका जोडप्यावर 353 लावलं होतं, ते सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये रद्द केलं. दुसरं कलम 221, सरकारी कामात अडथळा, ते जामीनपात्र आहे, तीन महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि त्यात कोर्टानं दखल घ्यायची तर त्या अधिकाऱ्यानं किंवा त्याच्या वरिष्ठानं स्वतः लेखी तक्रार द्यावी लागते.

मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका ओळीची. "शिपायानं मोबाईल हिसकावला तेव्हा मी हात झटकला." हाच झटका उद्या कागदावर "धक्काबुक्की केली" असा उतरू शकतो. म्हणून आज संध्याकाळीच बसा आणि सगळं क्रमानं लिहून काढा, कोण कुठं उभं होतं, शिपायानं कोणता हात धरला, तुम्ही कसा सोडवलात, शेजारी कोण होतं. सोबतच्या लोकांनाही आपापलं वेगळं लिहायला सांगा, एकमेकांचं बघून नको. सभागृहात आणि जिन्यात सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं फुटेज जपून ठेवा असा अर्ज उद्याच द्या, कारण फुटेजवर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं आणि मग "उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. गुन्हा दाखल झालाच तरी एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरळ अटक करायची नसते, आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, 35(3) ची हजर राहायची नोटीस द्यायची असते. आणि 132 लागलंच तर त्याच सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामीन मागता येतो, त्याला उशीर करू नका, तुमच्या तिथल्या वकिलांना आत्ताच सगळं सांगून ठेवा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची नोटीस म्हणजे गुन्हा नाही. पूर्वी हिला 149 ची म्हणायचे, निवडणूक-मोर्चाच्या वेळी सर्रास देतात, "तुमच्याकडून दखलपात्र गुन्हा घडू नये" अशी ती समज असते. सही करून घ्या, सहीखाली तारीख घाला, कॉपी ठेवा, आणि दोन ओळीत उत्तर द्या की मी कायदा मोडलेला नाही आणि मोडणार नाही, कायद्यानं खुल्या असलेल्या सभेला शांतपणे हजर राहणार आहे. या नोटिशीनं तुमचं सभेला जाणं बंद होत नाही.

तुम्ही विचारलंय की साहेब म्हणतात माफीनामा लिहून द्या, प्रकरण मिटवतो, देऊ का? त्यांनी टाईप करून आणलेल्या कागदावर सही करू नका. अशा कागदात "मी शासकीय कामात अडथळा आणला व कर्मचाऱ्यास धक्काबुक्की केली" असं वाक्य हमखास असतं, मिटवायला म्हणून केलेली सही उद्या तुमच्याच विरुद्ध दाखवतील. तुम्हाला मनापासून वाटत असेल तर स्वतःच्या हातानं लिहा की प्रेक्षक म्हणून बसलेलो असताना मी मध्येच बोललो, तसं बोलायला नको होतं, पुढच्या वेळी शांत बसेन. बास. त्यापुढे एक शब्द नाही, आणि तेही देण्याआधी वकिलांना दाखवा.

मोबाईलचं म्हणाल तर शिपायाला तुमचा फोन काढून घ्यायचा किंवा त्यातलं काही पुसायचा अधिकार नाही. फोन जप्त करायचा तर पोलिसांनी, तोही पंचनामा करून. तुमच्या फोनमध्ये "अलीकडे हटवलेले" असं फोल्डर असतं, त्यात बघा, व्हिडिओ बहुतेक अजून तिथं असेल, आधी तो दुसरीकडं कॉपी करा. शूटिंग करायला बंदी आहे असं कलम 81 म्हणत नाही, पण सभागृहाची शिस्त पीठासीन अधिकाऱ्यांच्या हातात असते, त्यांनी बंद करा म्हटलं तर बंद करा आणि नंतर लेखी हरकत घ्या. त्यापेक्षा सभेच्या आधीच अर्ज देऊन परवानगी मागा.

आता खरं काम, मैदान वाचवायचं. इथं मला तुमच्यापेक्षा जास्त तळमळ वाटतेय कारण बोलायची तुमची वेळ अजून गेलेलीच नाही. आरक्षण बदलायचं तर नुसत्या "मंजूर"नं बदलत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली नगरपरिषदेला राजपत्रात आणि इतर मार्गांनी नोटीस काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात, त्याला एक महिन्याची मुदत असते, सुनावणी घ्यावी लागते आणि मग प्रस्ताव राज्य सरकारच्या मंजुरीला जातो. त्या सुनावणीत तुम्ही प्रेक्षक नाही, हरकतदार आहात, तिथं तुमचं ऐकून घेणं त्यांना भाग आहे. तेव्हा नोटिशीवर डोळा ठेवा, पेपरात येते, ऑफिसच्या फलकावर लागते. आली की कॉलनीतल्या प्रत्येक घरातून वेगळी हरकत जाऊ द्या, एकाच अर्जावर पन्नास सह्या नकोत, आणि प्रत्येकानं आपलं कारण लिहावं, कुणाची मुलं तिथं खेळतात, जवळ दुसरं मैदान किती लांब आहे, पावसाचं पाणी कुठं मुरतं. बंगलोरमध्ये पार्कसाठी ठेवलेली जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, तिथले रहिवासी लढले आणि 1991 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वाटप टिकू दिलं नाही, तो निकाल हरकतीत जरूर टाका. सभेतला ठरावच बेकायदेशीर वाटला तर 1965 च्या कायद्याच्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, त्यांच्याकडे लगेच अर्ज करा.

यासाठी कागद लागतील. माहिती अधिकारात त्या सभेचा अजेंडा, त्या विषयाची टिपणी, इतिवृत्त आणि रेकॉर्डिंग असेल तर ते मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. इतकं थांबायचं नसेल तर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 फाईल बघायला मिळते, ते मागून घ्या. अजेंडा कधी निघाला आणि कधी वाटला ते आधी तपासा, साध्या सभेला सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते. मैदानाचा विषय मूळ अजेंड्यात होता की ऐनवेळी घुसवला तेही बघा, कारण ठरावावर आक्षेप घ्यायला हेच मुद्दे उपयोगी पडतात.

आणि पुढच्या सभेला तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला दोन दिवस आधी भेटून तुमचे प्रश्न लेखी द्या, सभागृहात विचारायचा हक्क त्यांना आहे. त्यांनी विचारले की नाही हे मागच्या खुर्चीवरून तुम्हाला दिसेलच, वहीत लिहून ठेवा. सभेला जाताना बंदीच्या पत्राला दिलेल्या उत्तराची पोच खिशात असू द्या, आणि सोबत एकजण असा न्या ज्याचं नाव त्या दिवशीच्या प्रकारात आलेलं नाही.