आजोबा पडले आणि शाळेतून ईमेल आलं

ताई, तुमचं माहेर पंचवटीतलं, मी कॉलेज रोडची. म्हणजे मधे फक्त गोदावरी. तुम्ही लिहिलंय, मुलाच्या न्यू जर्सीतल्या शाळेतून काउन्सेलरचं, म्हणजे समुपदेशकाचं, ईमेल आलं: मुलगा गप्प गप्प असतो, तुम्ही भेटायला या. त्यावर तुमच्या आई फोनवर काय म्हणाल्या, ते पत्र पुरतं वाचायच्या आधीच मला ऐकू आलं: ‘पोराला काय वेड लागलंय का?’

त्यांच्यावर रागावू नका. मी नाशकात अठ्ठावीस वर्षं शिकवलं. मुलाला वर्गाबाहेर बोलावलं म्हणजे मुख्याध्यापकांची केबिन, आणि केबिन म्हणजे डायरीत शेरा नि ‘उद्या पालकांना घेऊन ये’. शाळेतलं कुणी नुसतं ऐकून घ्यायला बोलावतं, हे आमच्या पिढीच्या गावीही नव्हतं.

तिकडचा काउन्सेलर शिक्षा देणारा नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. तो निदान करत नाही, औषध देत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या कामाला पदव्युत्तर पदवी लागते. सातवी-आठवीत विषयांची निवड, मित्रांमधली भांडणं, कुणी छळत असेल तर ते, अभ्यासाची घसरण, सगळं त्याच्याच टेबलावर येतं. आठवीत बीजगणित घ्यायचं की नाही, हेही त्यालाच विचारा. प्रकरण मोठं वाटलं तर तो बाहेरच्या तज्ज्ञाकडे जायला सुचवतो. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत असं त्यांची राष्ट्रीय संघटना सांगते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून बरेच जास्त असतात. एवढ्या गर्दीत तुमचा मुलगा त्याच्या नजरेत आला, याचं मला तरी बरंच वाटलं.

‘तो काय बोलला ते आम्हाला कळायलाच हवं ना?’ असं तुम्ही विचारलंय. शाळेतली मुलाची अधिकृत नोंद पाहायचा हक्क तुम्हाला तिथल्या १९७४ च्या कायद्याने आहे. पण काउन्सेलरने स्वतःच्या आठवणीसाठी केलेली, कुणाला न दाखवलेली टिपणं त्यात येत नाहीत. मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र तो गप्प बसत नाही. घरी मारहाण होत असल्याची शंका आली तर त्याला ती सरकारी यंत्रणेला कळवावीच लागते. म्हणून ‘आमच्याकडे एखादी चापट चालते’ हे तिथे हसत सांगू नका.

आता मला खटकलं ते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की दिवाळीनंतर बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून रोज रात्री साडेआठला आईंचा फोन असतो. नाशकात तेव्हा सकाळचे सात. आई रडतात, तुम्ही दादाशी पैशांवरून वाद घालता, आणि मुलगा शेजारच्या खोलीत गृहपाठ करत असतो. त्याचं मराठी कच्चं आहे म्हणता. ताई, बोलता येत नसलं तरी समजतं हो सगळं! शाळेने लिहिलंय की तो डिसेंबरपासून गप्प आहे. महिने तुम्हीच जुळवून पाहा.

तेव्हा भेटीला जाताना हे सांगायचं. आजोबा पडले, घरात रोज फोन चालू असतो, उन्हाळ्यात नाशिकला जाणं होईल की नाही ठरत नाही. घरचं चव्हाट्यावर मांडल्यासारखं वाटेल, पण काउन्सेलरला हे माहीत नसेल तर तो बिचारा शाळेतच कारण शोधत बसेल. इंग्रजीत अडाल असं वाटत असेल तर शाळेकडे दुभाषा मागा. मुलालाच भाषांतराला बसवू नका. भेटून आल्यावर गाडीत ‘काय विचारलं, तू काय सांगितलंस’ सुरू करू नका. दोन दिवस कळ काढा.

आणि येत्या शनिवारी तो साडेआठचा फोन मुलाकडे द्या, तिकडून आजोबांकडे. ते कसे पडले, वॉकर घेऊन किती पावलं चालले, हे त्याला त्यांच्याच तोंडून ऐकू दे. आई मधे बोलतीलच. त्यांना म्हणावं, तोवर चहा टाका.