'बिलव्हेड'ची उपशीर्षकं: वेठबिगार, मळा, मुकादम, मास्तर

प्रश्न: टोनी मॉरिसन यांच्या अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या 'बिलव्हेड' (1987) कादंबरीवर जोनाथन डेमी यांनी 1998 साली चित्रपट केला. त्याच्या मराठी उपशीर्षकांत 'स्लेव्ह'ला वेठबिगार, 'प्लँटेशन'ला मळा आणि 'ओव्हरसीअर'ला मुकादम चालेल का?

वेठबिगार अजिबात नको. वेठीला धरलेल्या माणसाची मेहनत लुबाडली जाते, पण बाजारात त्याची विक्री होत नाही. कथेची नायिका सेथ गुलामीतून पळालेली आहे; तिची मुलं जन्मतःच मालकाची मालमत्ता ठरतात आणि सगळी कथा तिथेच पेटते. शब्द 'गुलाम'च. कथेचा वर्तमानकाळ 1873 मधला. त्याच साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध करून ते अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं होतं.

मळा म्हटलं की आपल्याला विहीर, पाट, भाजीपाला आणि घरची माणसं दिसतात. 'चहाचे मळे' रूढ आहेत, तरी जॉर्जियातल्या कापसाच्या अफाट जमिनीला 'प्लँटेशन'च म्हणावं. वीस किंवा अधिक गुलाम असले तरच इतिहासकार मालकाला 'प्लँटर' म्हणतात. सेथ जिथे गुलाम होती त्या केंटकीतल्या 'स्वीट होम'वर मोजके गुलाम आहेत, म्हणून तिथे साधं 'शेत' पुरे.

मुकादम हा उचल देऊन टोळी जमवणारा. प्लँटेशनवर त्याच्याशी थोडाफार जुळणारा माणूस म्हणजे गुलामांतूनच नेमलेला 'ड्रायव्हर'; ओव्हरसीअर बहुधा पगारी गोरा असे. दोघांना एकच शब्द दिला तर कोण कोणावर चाबूक उगारतो, हेच कळत नाही.

खरी कसोटी आहे 'स्कूलटीचर' या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या पात्राची. मालक गार्नर वारल्यावर हा शेतावर येतो, गुलामांची मापं घेतो, आपल्या शिष्यांना त्यांचे 'माणसाचे' आणि 'जनावराचे' गुण वेगळे लिहायला लावतो, तेही सेथनेच तयार केलेल्या शाईने. 'गुरुजी' म्हटलं की मराठी कान आदराने झुकतो. ते इथे घातक आहे. 'मास्तर' योग्य. मात्र क्रियापद सांभाळावं: त्याच्या समोर बोलताना 'मास्तर, तुम्ही', आणि पळून सुटलेल्या सेथच्या आठवणीत 'मास्तर आला'. इंग्रजीत हा फरक क्रियापदात दिसत नाही, मराठीत तो टाळताच येत नाही. 'मास्तर आले' लिहिलं तर सेथ अजून त्याच्या धाकात आहे असं वाटेल.

'स्वीट होम' हे नाव तसंच ठेवा. तिथलाच एक गुलाम राहिलेला पॉल डी त्यावर बोलतो तिथे 'नाव स्वीट होम. पण ना गोड, ना घर' एवढं पुरतं.