वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर छातीच्या आजाराची दहा-बारा नावं आहेत. खरंच इतके आजार आहेत का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे, कित्येक वर्षं विडी ओढलेली, आणि धाप नि खोकला वाढला म्हणून त्यांना ॲडमिट करावं लागलं. आता घरी आलेत, जेवतायत, पण कार्ड वाचून सगळं घर घाबरलंय. 'ट्युब्युलर हार्ट' वाचून आईला वाटतंय की हृदयाचंही काहीतरी निघालं. 'ओल्ड कॉक्स' म्हणजे टीबी, असं कुणीतरी सांगितल्यापासून वडिलांचं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय. आणि शेजाऱ्यांकडे कोविडच्या वेळचं ऑक्सिजनचं मशीन पडून आहे, ते आणून लावावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी एका छातीच्या ओपीडीत स्पायरोमेट्री करते, म्हणजे पेशंटला मशीनमध्ये फुंकायला लावून श्वास मोजते. मी डॉक्टर नाही, पण असली कार्डं रोज हातात येतात आणि ती वाचून रडवेले झालेले नातेवाईकही रोज भेटतात. म्हणून आधी उत्तर देते. तुम्ही टाईप केलेल्या कार्डावर आजार एकच आहे. त्यावर आलेलं एक इन्फेक्शन आहे आणि छातीत एक जुना व्रण आहे. बाकीचे सगळे शब्द म्हणजे डॉक्टरांनी कानाने काय ऐकलं, एक्स-रेत काय दिसलं आणि मशीनने काय मोजलं, त्याची नोंद. ताट-तांब्या आजच पुन्हा एकत्र करा. ऑक्सिजनचं मशीन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आता एकेक शब्द घेऊ.

'के/सी/ओ सीओपीडी' म्हणजे सीओपीडीचा आजार आधीपासून माहीत असलेला पेशंट. हाच तुमच्या वडिलांचा मुख्य आजार. आपल्याकडे याला सरसकट दमाच म्हणतात, पण दमा म्हणजे अस्थमा, आणि हा वेगळा. अस्थम्यात आकसलेल्या श्वासनळ्या औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने नळ्या कायमच्या अरुंद होतात आणि हवेचे बारीक फुगेही फाटत जातात. धूर विडीचाच हवा असं नाही. जन्मात विडी न ओढलेल्या, पण चुलीपुढे उभं आयुष्य गेलेल्या कितीतरी बायका माझ्यासमोर फुंकायला बसतात आणि त्यांच्या रिपोर्टवरही हेच नाव येतं. घरी अजून चूल किंवा बंब पेटत असेल तर वडिलांना त्या धुरापासून लांब बसवा, आणि आईचीही एकदा तपासणी करून घ्या.

'एईसीओपीडी विथ एलआरटीआय' हा दुसरा आजार नाही. 'एई' म्हणजे आहे तोच आजार अचानक उसळला. 'एलआरटीआय' म्हणजे घशाच्याही खाली, श्वासनळ्यांमधलं किंवा फुफ्फुसातलं इन्फेक्शन. ते झालं, म्हणून आजार उसळला, म्हणून ॲडमिट करावं लागलं. त्यासाठी अँटिबायोटिक दिलं, ते संपलं.

त्यानंतर 'आरएस' (म्हणजे श्वसनसंस्था) असं लिहून जी ओळ आहे, ती सगळी स्टेथोस्कोपने ऐकलेली आहे. 'एईबीई' म्हणजे दोन्ही बाजूंना हवा सारखी जातेय. ही चांगली बातमी आहे, आणि तुम्ही तीही आजारांच्या यादीत मोजलीत. (इथलं 'एई' आणि वरच्या 'एईसीओपीडी'तलं 'एई' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अशा आखूड रूपांनीच निम्मा घोळ होतो.) 'बायलॅटरल रॉन्काय' म्हणजे दोन्हीकडे घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज. नळ्या आवळल्या असल्या किंवा आत चिकट बेडका असला की तो येतो. 'बेसल क्रेप्ट्स' म्हणजे फुफ्फुसाच्या तळाशी बारीक चरचर. कानाजवळ केस दोन बोटांत धरून चोळले की जसा आवाज येतो, साधारण तसा. इन्फेक्शनमध्ये तो येतो, हृदय थकून फुफ्फुसात पाणी साठलं तरी येतो. म्हणून डॉक्टर नुसत्या क्रेप्ट्सवरून काही ठरवत नाहीत, एक्स-रे बघतात. तुमच्या कार्डावर 'सीपी अँगल्स क्लिअर' असंही आहे. म्हणजे छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी दिसत नाही.

या आवाजांना नावं दिली ती पॅरिसच्या रेने लाएनेक यांनी. १८१६ साली त्यांनी स्टेथोस्कोप शोधला आणि १८१९ च्या ग्रंथात आवाजांची वर्गवारी मांडली. त्यांचा फ्रेंच शब्द होता 'राल'. पण मरणाऱ्या माणसाच्या घशातल्या घुरघुरीलाही लोक तेच म्हणत, म्हणून पेशंटसमोर ते 'रॉन्कस' (याचंच अनेकवचन 'रॉन्काय') हा लॅटिन शब्द वापरत. ऐकणाऱ्याच्या जिवाचा घोर वाढू नये एवढ्यासाठी. आज तोच शब्द कुणी न समजावता हातात दिला की उलटंच होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक्स-रेच्या ओळीत 'हायपरइन्फ्लेटेड लंग फील्ड्स', 'फ्लॅट डायफ्राम' आणि 'ट्युब्युलर हार्ट' आहे. ही तिन्ही एकाच गोष्टीची वर्णनं आहेत. सीओपीडीत श्वास आत जातो, पण पूर्ण बाहेर पडत नाही. हवा अडकून राहते, फुफ्फुसं फुगतात, खालचा पडदा चपटा होतो आणि दोन फुफ्फुसांच्या मधलं हृदय फोटोत उभट, निमुळतं दिसतं. आईंना सांगा, हृदयाच्या आजाराचं हे नाव नाही. हृदयाची शंका असती तर डॉक्टरांनी ईसीजी किंवा टूडी इको सांगितला असता.

आता 'फायब्रोटिक स्ट्रँड्स राइट अपर झोन, ओल्ड कॉक्स'. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं, म्हणून आपल्याकडे डॉक्टर टीबीला 'कॉक्स' लिहितात. तेव्हा टीबी हा अर्थ तुम्हाला बरोबरच सांगितला गेला. पण त्याच्या आधीचा 'ओल्ड' कुणी वाचला नाही. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पूर्वीच्या टीबीचा व्रण दिसतोय, इतकाच त्याचा अर्थ. वडिलांनी तरुणपणी कधी सहा-आठ महिने गोळ्या घेतल्या होत्या का, आजीला किंवा मोठ्या काकांना विचारून बघा. बऱ्याच घरांत ही गोष्ट मुलांपर्यंत पोहोचू दिलेली नसते. आणि डॉक्टरांनी नुसत्या फोटोवर विसंबून सोडलेलं नाही. त्याच पानावर खाली 'स्पुटम सीबीनॅट: एमटीबी नॉट डिटेक्टेड' आहे. बेडक्यात टीबीचा जंतू सापडला नाही. व्रणाची लागण होत नाही. आणि टीबी चालू असता तरी तो ताटातून, तांब्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. त्यामुळे ज्या माणसाला आधीच धाप लागतेय, त्याला वेगळ्या ताटात जेवायला लावून काहीच साधत नाही. त्यांच्या मनाला जे लागतं ते वेगळंच.

बेडक्यावरून आठवलं. 'सी/ओ कफ विथ एक्स्पेक्टोरेशन' यातला 'कफ' म्हणजे खोकला. आपण ज्याला कफ म्हणतो, तो कार्डावर 'स्पुटम' असतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी कफ किती आहे असं विचारलं, तर खोकला किती आणि बेडका किती, दोन्ही वेगवेगळं सांगा. बेडक्याचा रंगही सांगा. पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला की इन्फेक्शनची शंका येते.

आता माझ्या मशीनची ओळ. यात सगळ्यात जास्त गैरसमज होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाकाला चिमटा लावून, तोंडात पुठ्ठ्याची नळी धरून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळी हवा बाहेर फुंकायची. आम्ही शेजारी उभं राहून "फुंका, फुंका, अजून, अजून" असं ओरडत असतो, कारण शेवटची हवा बाहेर पडायला सीओपीडीच्या पेशंटला फार वेळ लागतो. निदान तीन फुंकी नीट जमाव्या लागतात, आणि त्यातल्या चांगल्या दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. मग इन्हेलरमधून साल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटं बसवतो आणि पुन्हा फुंकायला लावतो.

एकूण जेवढी हवा फुंकली गेली ती 'एफव्हीसी'. तुमच्या वडिलांची २.१० लिटर. त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली ती 'एफईव्ही-वन', १.१० लिटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की 'रेशो' येतो, ०.५२. औषध दिल्यानंतरही तो ०.७० च्या खाली राहिला की नळ्यांत कायमचा अडथळा आहे असं धरतात. 'ऑब्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे हेच. रेशो ठीक, पण एकूण हवाच कमी असती, तर 'रिस्ट्रिक्टिव्ह'ची शंका लिहिली असती. तो वेगळाच प्रकार.

मग '४६% प्रेडिक्टेड'. तुम्ही लिहिलंत, "म्हणजे फुफ्फुसं ४६ टक्केच उरली का?" नाही. त्यांच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी पुरुषाने पहिल्या सेकंदात जेवढी हवा फुंकली असती, तिच्या ४६ टक्के यांनी फुंकली. ३० ते ४९ टक्क्यांच्या गटाला 'सिव्हिअर' म्हणतात, म्हणून तो शब्द आला. दुखणं हलकं नाही, हे खरंच आहे. पण याच आकड्याची माणसं बाजारहाट करताना, हळूहळू जिना चढताना मी बघते. कोविडमध्येही असंच झालं होतं. सीटी स्कोअर २५ पैकी असायचा, फुफ्फुसाच्या पाच भागांना प्रत्येकी पाच गुण, आणि लोक १२ आकडा बघून अर्धं फुफ्फुस गेलं म्हणून धाय मोकलायचे.

शेवटी 'पुअर रिव्हर्सिबिलिटी'. इन्हेलर देण्याआधी एफईव्ही-वन १.०२ लिटर होता, नंतर १.१०. म्हणजे ८० मिलिलिटरची वाढ, ८ टक्क्यांच्या आसपास. एवढी वाढ कमी धरतात आणि सीओपीडीत ती अशीच कमी असते. पण हा शब्द वाचून "पंपाचा उपयोग होत नाही" असं समजून इन्हेलर बंद करणारे पेशंट मला भेटतात आणि त्याने फार नुकसान होतं. ही चाचणी आजार ओळखायला मदत करते. रोजच्या इन्हेलरने धाप कमी होते आणि आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण घटतं, ते या पंधरा मिनिटांत दिसत नाही. तेव्हा तो बंद करू नका. कार्डावर 'रोटाकॅप' लिहिलंय, ती कॅप्सूल गिळायची नाही, यंत्रात घालून ओढायची. ते ओढून झालं की चूळ भरायची, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.

ऑक्सिजनबद्दल. 'एसपीओटू ९१% ऑन आरए' म्हणजे मशीन न लावता, खोलीतल्या साध्या हवेवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९१. धडधाकट माणसाचा हा आकडा बघून आपण घाबरलो असतो. पण सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन लावायचीच वेळ आली, तरी डॉक्टर सहसा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. काही पेशंटना जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते आणि जिवावर बेततं. बोटावरचं ऑक्सिमीटर तेव्हाही ९८ दाखवत असतं. म्हणून शेजारचं मशीन नको, म्हटलं.

पुढच्या भेटीला कार्ड, एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, तिन्ही न्या. इन्हेलरही न्या आणि वडिलांना डॉक्टरांसमोर तो ओढून दाखवायला सांगा. फ्लू आणि न्यूमोकॉकलच्या लशीचं विचारा. विडी सोडायला औषधं मिळतात, तीही विचारा. मधल्या काळात एक वाक्य पूर्ण बोलता येईना, ओठ-नखं निळसर दिसली, ऑक्सिमीटर ८८ च्या खाली राहू लागलं किंवा दिवसाढवळ्या पेंग येऊन बोलणं असंबद्ध झालं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलला न्या. जाताना हे कार्ड सोबत असू द्या.